सांबरांच्या वाटेतली माझी जाळी

महाबळेश्वर सोडून एसटी आंबेनळी घाटाला लागली आणि पहिल्याच वळणावर माझी पिशवी शेजारच्या माणसाच्या मांडीवर जाऊन बसली. दुसऱ्या वळणावर ती परत आली, ती त्याचीही पिशवी बरोबर घेऊन. हा घाट कुणा इंजिनिअरने आखलेला नाही. एखादी घोरपड डोंगर उतरली असावी आणि तिच्या मागोमाग लोक डांबर ओतत गेले असावेत. एका वळणावर तर मला खिडकीतून आमच्याच गाडीचा मागचा नंबर वाचता आला. खोटं वाटेल म्हणून तिकिटामागे लिहून घेतला आणि पोलादपूरला उतरल्यावर ताडून पाहिला. एका आकड्याचाही फरक नव्हता.

शेजारचा गृहस्थ महाडच्या औद्योगिक वसाहतीत कामाला होता. बहिणीकडे वाईला जाऊन दुसऱ्या पाळीच्या आत परत निघाला होता.

"पोलादपुरात काय काम काढलंत?" त्याने विचारलं.

"जाळी बघायला निघालोय."

"मासे धरायची?"

"शेळ्या राखायची."

"मंग सांगतो," तो म्हणाला, "आमच्या कंपनीला बी जाळीचं कुंपान हाय. त्यातनं आजवर एकच जनावर आत गेलेला मी बगितलाय. तो मीच. तो पन कार्ड दाखवून."

मिरजेजवळ माझं जाळ्या विणायचं छोटं वर्कशॉप आहे. माझ्या जाळीबद्दल मी स्वतः काही बोलत नाही, लोकच बोलतात. शिराळ्याकडे एका बागेला मी जाळी घातली, तर वारा आत शिरायला जागा मिळेना म्हणून मालकाला पंखा बसवावा लागला. अशा जाळीबद्दल एका बाईने फोनवर सांगावं की "भाऊ, तुमची जाळी उसवतेय," म्हणजे काय!

"उसवायला ती काय गोधडी आहे?" मी म्हणालो.

"येऊन बघा की मग," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

ती बाई म्हणजे सुनंदाताई. पोलादपूरच्या वर डोंगरात एका वाडीत तिने शेळीपालन सुरू केलं होतं आणि दिवाळीच्या सुमाराला माझी माणसं तिथे जाळी घालून आली होती. वाडीचं नाव मी इथे देत नाही, कारण पुढे जे लिहिलंय ते वाचून तिथली माणसं मला दुसऱ्यांदा जेवायला वाढणार नाहीत, आणि तिथलं जेवण मला पुन्हा हवं आहे.

पोलादपूरला उतरलो. शिमगा चार दिवसांवर होता. ऊन असं की माझी सावली घाबरून माझ्या चपलेखाली येऊन बसली आणि काही केल्या बाहेर येईना. स्टँडसमोर चहा घेतला आणि वाडीकडे जाणाऱ्या मिनिडोरमध्ये (तीन चाकांची सहा आसनी रिक्षा, हिच्यात अकरा माणसं आणि एक कोंबडा सहज मावतो) स्वतःला कोंबून घेतलं. कोंबडा माझ्या मांडीवर होता. उतरताना त्याला सोडून जायचं माझ्या जिवावर आलं, इतकी आमची ओळख झाली होती.

वाडी बारा-पंधरा घरांची. बरीचशी बंद. उघड्या घरांतलं शेवटचं सुनंदाताईचं. वय चाळिशीच्या पुढे, अंगाने काटक, आवाज मात्र दोन डोंगर ओलांडून जाईल असा. माहेर तुडीलचं, लग्न होऊन इथे आली आणि लगेच नवऱ्याबरोबर मुंबईला गेली. सोळा वर्षं एका कँटीनमध्ये पोळ्या लाटल्या. गेल्या वर्षी शिमगा झाल्यावर नवऱ्याला महाडच्या कारखान्यात काम मिळालं म्हणून दोघं परत आली. नवरा बिरवाडीला खोली घेऊन राहतो, ही इथे सासऱ्याजवळ. साठवलेलं सगळं तिने शेळ्यांत घातलं. पहिल्याच उन्हाळ्यात त्यातल्या सात बिबट्याने नेल्या, भर दिवसा, पाण्यावर. म्हणून जाळी.

"पाणी कुठं आहे?" मी विचारलं.

तिने बोट दाखवलं. घरामागून जमीन उतरत एका पऱ्यापर्यंत (डोंगरातला ओढा) जाते. पऱ्या कोरडा ठणठणीत होता, पण एका मोठ्या जांभळीखाली कोंड (ओढ्यातला खोल डोह) होता आणि त्यात पाणी होतं. हिरवं, गार, माणूसभर खोल. आसपासच्या डोंगरात उन्हाळाभर टिकणारं हे एवढंच. माझी जाळी त्या कोंडाला पोटात घेऊन चारी बाजूंनी उभी होती. वर काटेरी तारेचे दोन पदर. लांबून पाहताना मला माझाच अभिमान वाटला, हे मी लपवत नाही.

अंगणात जांभ्याच्या पायरीवर सासरे बसले होते. गणूनाना. वय त्यांनाही माहीत नव्हतं. वाडीतल्या एका फणसाच्या बरोबरीचे आहेत, एवढं म्हणाले, आणि फणस मला त्यांच्याहून थकलेला दिसला. समोर एक दांडगा काळा बोकड बांधला होता. त्याचं नाव मामलेदार.

"मामलेदारा," नाना बोकडाला म्हणाले, "घाटावरलं मानूस आलंय. त्याला पानी दे म्हनावं."

मी बोकडाकडे पाहिलं. सुनंदाताई आतून पाण्याचा तांब्या घेऊन आली, मला दिला आणि ती पण बोकडाशीच बोलली. "मामलेदारा, सांग त्यांना, पानी दिलंय. आनि भाकऱ्या होतायत, जेवून घ्या म्हनावं."

"मामलेदारा, मला भूक नाय म्हनावं," नाना म्हणाले.

"मामलेदारा, सकाळपासून काय खाल्लेलं नाय म्हनावं. बसा गुमान."

बोकड पाला खात होता. त्याच्या अंगावर एवढी जबाबदारी आहे हे त्याच्या चेहऱ्यावरून जराही वाटत नव्हतं.

जेवायला तांदळाची भाकरी, ओल्या काजूगरांची उसळ आणि भाजलेली सुकट. मी सात भाकऱ्या खाल्ल्या. सुनंदाताई चार म्हणते, पण तिने चौथ्यानंतर मोजणं सोडलं होतं.

दुपार कलल्यावर मी जाळी तपासायला निघालो. तारेच्या धंद्यात माणूस तारेशी बोलायला शिकतो. तुटलेलं टोक पाहिलं की मी सांगतो ते कशानं तुटलं. ओढून तुटलेली तार टोकाला निमुळती होते. गंजून तुटलेली ठिसूळ असते. पकडीने कापलेल्या तारेचं टोक दोन्हीकडून चेपून छिन्नीसारखं होतं.

पहिलं भोक तळाशी होतं. माती उकरून जाळी खालून वर वाकवली होती. रानडुक्कर. दुसरं भोक नव्हतं, नुसता पोचा होता: छातीच्या उंचीवर जाळी आत दबली होती आणि तारेला राखाडी-तपकिरी राठ केस चिकटले होते. काहीतरी मोठं जनावर अंगाने रेटून गेलं होतं. आणि तिसरं भोक, डोंगराकडच्या बाजूला, माणूस वाकून जाईल एवढं. चौकोनी. टोकं छिन्नीसारखी.

"हे जनावराचं काम नाही," मी म्हणालो. "जनावराकडे पक्कड नसते."

सुनंदाताईने ओठ चावला. "वाटलंच मला. इथं कोनाला बघवत नाय. बायमानसानं काय केलं की पोटात दुखतंच. मागनं शिवून घेतला मी तारेनं, तर आठ दिसांत परत कापला."

मी कामाला लागलो. पण काम करताना एक गोष्ट डोळ्यांना खटकत राहिली. जाळीच्या बाहेरून, जाळीला अगदी लागून, एक पायवाट पडली होती. दिवाळीला ती असणं शक्यच नव्हतं. गवत जाऊन माती उघडी पडलेली, त्यात खुरांचे ठसे, लहान, मोठे, एकमेकांवर. वाट डोंगराच्या सोंडेवरून सरळ खाली येत होती, माझ्या जाळीपाशी थांबत होती आणि दोन्हीकडे फुटत होती. मी एका बाजूने गेलो. ती कड्यापाशी संपली. दुसऱ्या बाजूने गेलो. ती डांबरी रस्त्यावर निघाली, थेट वळणावर, जिथून वाडीच्या पाण्याच्या टाकीकडे उतार आहे. म्हणजे जनावरं येत होती, पाण्याचा वास घेत जाळीच्या कडेने फिरत होती, आणि कड्याला लागून पुन्हा उलटी फिरत होती. एवढा तुडवलेला रस्ता मी आमच्या तालुक्यात पंचायतीला पण करताना पाहिलेला नाही.

पण मी काय विचार करायला आलो नव्हतो. भोकावर दुहेरी जाळी लावली, वरच्या दोन्ही काटेरी तारा ओढून सतारीसारख्या ताणल्या. बोटाने छेडली तर सा लागला.

संध्याकाळी नाना मामलेदाराला म्हणाले, "घाटावरल्याची गाठ घट्ट हाय म्हनावं. लई घट्ट हाय."

मला ती शाबासकी वाटली.

दुसऱ्या दिवशी तार ताणायचे चाप कमी पडले म्हणून बिरवाडीला गेलो. पोलादपूरहून महाडची गाडी, तिथून पुढे रिक्षा. औद्योगिक वसाहतीजवळ येताच हवेला असा वास आला की माझ्या मिशीचे दोन केस पांढरे होते ते काळे झाले. पाळी सुटत होती. मोटरसायकलींचा लोंढा रस्त्याने वाहत होता आणि मी एका बाजूला उभा राहून पूर ओसरायची वाट पाहत होतो.

सुनंदाताईचा नवरा विजय तिथे दोन सहकाऱ्यांबरोबर एका खोलीत राहतो. शांत माणूस. मला खानावळीत घेऊन गेला, वालाचं बिरडं आणि भात मागवला. मी त्याला भोकाचं सांगितलं. त्याने भाताकडे पाहत मान हलवली. आश्चर्य वाटलेलं दिसलं नाही.

"विजयराव, एक विचारू? तुमचे वडील आणि बायको भांडलेत का?"

"नाय ओ काका. कशाला भांडतील?"

"मग बोकडाशी का बोलतात?"

"ती रीत हाय. सासरा सुनेशी समोरासमोर बोलत नाय आमच्यात. जुनी मानसं. पहिलं आई होती तेव्हा आईशी बोलायचे, ती सांगायची. आई गेली, मग बोकड." तो हसला. "आता वाडीत कोन एवढं पाळत नाय. पन बाबा पाळतात, मग ती पन पाळते. मान म्हनून."

"तुम्ही मधे पडून सांगा की दोघांना."

"काका, मी रसायनात काम करतो. काही ड्रम शेजारी ठेवायचे नसतात हे मला पहिल्या दिवशीच शिकवलंय."

मग मी जाळीबाहेरच्या वाटेचं सांगितलं. आता मात्र त्याने हात थांबवला.

"ती सांबरांची वाट. लहानपणी आमी झाडावर बसून बघायचो. बघा काका, आमच्याकडं दिवाळीला सगळीजनं वई घालतात. वई म्हंजे काट्याकुट्याचं कुंपान. वाल, पावटा असतो ना तवा परसात, गुरं शिरतात. शिमग्यापर्यंत पीक निघतं. मग पोरं वई उपटून काटं होळीला नेतात, त्याला कोनी ना म्हनत नाय. तिथनं पाऊस पडेपर्यंत सगळी जमीन मोकळी. गुरं पन मोकाट, जनावरं पन मोकाट. आनि बरोब्बर तवाच पऱ्या आटतो."

"म्हणजे दिवाळीला तुमच्या बायकोने जाळी घातली तेव्हा नानांना..."

"त्यांना काय वाटनार? दिवाळीला सगळेच घालतात. त्यांना वाटलं असंल, शिमग्याला काढंल."

"जाळी शिमग्याला कोण काढतं?"

"तेच तर. तिला ठावूक नाय. ती तुडीलची. तिथं नदीला बारा महिने पानी, भरतीचं येतं जातं. जनावर पान्यासाठी कुठनं तरी कुठं जातं, हे तिनं कधी बगितलंच नाय. आनि लग्नानंतर शिमग्याला आमी मुंबईतच. सुट्टी कोन देतो?"

मी बिरडं संपवलं. पहिल्यांदाच जेवणाची चव घेतली नाही. एका घरात दोन माणसांनी एकच कुंपण घातलं होतं. तिचं कायमचं होतं, त्यांचं शिमग्यापर्यंतचं. आणि मधल्या निरोप्याला शिंगं होती.

तिसऱ्या दिवशी पहाटे फटफटलं तसा आवाज आला. आधी लोखंडावर काहीतरी आपटल्याचा, मग एक भोंग्यासारखा "पोंक!" पांघरूण फेकून मी बाहेर आलो. नाना माझ्या पुढे होते. सुनंदाताई हातात काठी घेऊन धावली, तिला वाटलं बिबट्याच.

एक सांबराची मादी होती. मी दुरुस्त केलेल्या जागीच. कालपरवापर्यंत तिथे भोक होतं म्हणून ती सवयीने आली असणार. भोक नाही म्हणून तिने उडी मारली. पुढचं अंग गेलं, मागचा एक पाय वरच्या दोन काटेरी तारांच्या मधे आला आणि तिच्या वजनाने तारांना पीळ बसला. आता ती आतल्या बाजूला डोकं खाली करून लोंबत होती. पुढचे पाय जमिनीवर खरडत होते. प्रत्येक हिसड्याला पीळ घट्ट होत होता. माझी तार तुटत नाही अशी मी जाहिरात करतो. ती खरी आहे.

सुनंदाताईने वनखात्याला फोन लावला. रेंज एक काडी येत होती, जात होती. लागला. ते लगेच निघतो म्हणाले, पण खालून वर यायला तास-दीड तास. मादीच्या तोंडाला फेस आला होता. पायाची कातडी मोज्यासारखी सोलत आली होती.

"तास नाय जगनार ती," नाना म्हणाले. त्यांनी खांद्यावरची घोंगडी ओढली आणि मागे न वळता ओरडले, "सुनंदा! डोळं झाक तिचं! डोळं!"

मामलेदार अंगणात होता. मधे कुणी नव्हतं.

सुनंदाताई एक क्षण जागेवरच थिजली. मग तिने घोंगडी घेतली आणि त्या हिसडणाऱ्या डोक्यावर स्वतःसकट टाकली. मादीच्या एका लाथेने माझा गुडघा असा काही सुजला की त्या दिवशी मी दोन वेगवेगळ्या मापांच्या पायांनी चाललो. अंधार होताच जनावर थोडं शांत झालं. नुसतं थरथरत राहिलं.

"वर घे डोकं, वजन उचल," नाना सुनेला म्हणाले. "मान नको दाबू. हां, तसं. घट्ट धर, पोरी."

"धरलंय, मामंजी."

"पक्कड!" मी ओरडलो. माझी हत्यारं घरात होती.

नानांनी बंडीच्या खिशात हात घातला आणि एक जुनी, दांड्याला चिंधी गुंडाळलेली पक्कड माझ्यापुढे धरली. मी पकडीकडे पाहिलं. मग नानांकडे.

"काय बगतोस? काप!"

मी वरची तार कापली. ती सणकन माझ्या कानाजवळून गेली. दुसरी कापली. सगळं वजन सुनंदाताईवर आलं आणि दोघी खाली पडल्या. नानांनी सुनेच्या दंडाला धरून तिला बाजूला खेचलं, घोंगडी ओढली, आणि आम्ही तिघं रांगत, धडपडत जांभळीमागे गेलो.

मादी उठली. पडली. पुन्हा उठली. एक पाय वर धरून उभी राहिली. मला वाटलं, आता डोंगराकडे पळेल. ती आमच्याकडे पाहत उभी होती, कान पुढे, पोट भात्यासारखं हलत. मग तीन पायांवर, एकेक पाऊल टाकत, ती उलट दिशेला निघाली, कोंडाकडे. काठावर पुढचे पाय वाकवले आणि पाणी प्यायला लागली.

मी आयुष्यात बरंच काही वाढवून सांगितलंय. हे नाही. ती पीत राहिली. वर सोंडेवर पाला वाजला. आणखी दोन आल्या, एक वाढलेलं पिल्लू आलं. जाळीच्या बाहेर, त्या नव्या वाटेवर, येऊन थांबली. त्यांच्यापुढे जाळी होती. पिल्लाने नाक जाळीच्या एका डोळ्याला लावलं आणि तसंच ठेवलं.

सुनंदाताई ते पिल्लू पाहत होती. तिच्या कोपरातून रक्त येत होतं, तिचं लक्ष नव्हतं.

पोट भरल्यावर मादी कापलेल्या जागेकडे वळली. तारा लोंबत होत्या, तिथली जाळी खाली झुकली होती. ती तिच्यावरून लंगडत बाहेर गेली आणि सगळी वर निघून गेली. तासाभराने वनखात्याचे दोघं आले, रक्ताचे थेंब पाहत सोंडेवर जाऊन आले आणि म्हणाले, चालत गेलीय, बघू. त्यांनी जाळीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खाली उतरले. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

ते गेल्यावर सुनंदाताई सासऱ्यासमोर उभी राहिली. "मामंजी, जाळी तुमीच कापत होतात?"

"होय."

"आधी का नाय सांगितलंत मला?"

"सांगितला ना. माघापासनं रोज सांगितला."

"बोकडाला!"

"मंग? त्यानं नाय सांगितला?"

मला हसू आवरेना. सुनंदाताईलाही आवरलं नाही, पण तिचं हसू लवकर संपलं. "सात शेळ्या नेल्या त्यानं, मामंजी. सोळा वर्षं पोळ्या लाटल्या मी. तुमी भोक पाडत होतात, त्यातनं बिबट्या आला असता तर? माजी चाळीस जनावरं आतमदी."

 समोरासमोर बोलायची सवय नसलेले नाना शब्द जुळवू लागले. "भ्यालो मी पन. म्हनून दिवस उजाडेपर्यंत भोकापाशी बसायचो. रोज." मग म्हणाले, "बिबट्या पान्यावर येनारच. तो सांबरामागं येतो, भेकरामागं येतो. पानी बंद केलंस तर ती वाडीतल्या टाकीवर जातात. तो पन तिकडंच जाईल. तुजी शेळी पान्यावर नको नेऊ. पानी शेळीकडं आन."

आता दोघंही माझ्याकडे पाहू लागली. जाळीवाला मी.

"कोंड बाहेर काढायचा," मी म्हणालो. "जाळी चाळीस पावलं वर घ्यायची. कोंडाला पाणी देणारा पाझर वर सोंडेत, शेळ्यांच्या शेडहून उंचावर आहे, तिथून पाईप टाकून शेडजवळ टाकीत पाणी आणायचं, उतारच आहे. उरलेली जाळी शेडवर दुहेरी मारू, वरूनसुद्धा. रात्री शेळ्या आत."

"आनि बिबट्या येनार नाय, हे लिहून द्याल?" सुनंदाताईने विचारलं.

"नाही," मी म्हणालो. माझ्या धंद्यात मी हा शब्द पहिल्यांदाच वापरला.

तिने कोंडाकडे पाहिलं. शेळ्यांकडे पाहिलं. तिच्याकडे आणखी सोळा वर्षं नव्हती, हे आम्हा तिघांनाही माहीत होतं. मग ती पहार आणायला गेली.

दोन दिवस लागले. विजय शिमग्याची रजा घेऊन आला आणि अंगणात बायको आणि बाप समोरासमोर कचाकचा वाद घालताना पाहून दारातच उभा राहिला. वाद टाकीच्या जागेवरून होता. "आता काय करू?" त्याने मला हळूच विचारलं. "पहार घ्या," मी सांगितलं. खांब उपटताना मला कळलं की माझी माणसं किती चांगलं काम करतात. एकेक खांब पाताळापर्यंत गाडलेला. सातव्याच्या तळाशी तर पलीकडच्या देशातला उजेड दिसत होता. माझ्या हाताला इतके फोड आले की नाना म्हणाले, घाटावरल्याच्या हाताला काजू लागलेत.

होळीच्या दिवशी दुपारी शेवटचा खांब नव्या ओळीत उभा राहिला. पोळी आणि कटाची आमटी पोटात गेल्यावर मी परतीला निघालो. मुद्दाम महाडवरून, नदी बघून. पुलावरून सावित्री दिसली, उन्हात मंद, खाली तुडीलकडे, पुढे समुद्राकडे जाणारी. तिच्या वरच्या अंगाला, डोंगरात, एका जांभळीखाली एवढासा कोंड आहे, हे त्या पुलावरून कुणाच्या ध्यानातही येणार नाही. मी दोन मिनिटं थांबलो आणि गाडी धरली.

मिरजेला पोचलो आणि दुसऱ्या दिवशी वर्कशॉप उघडलं. पत्र्यावर मी मोठ्या अक्षरांत रंगवून घेतलं होतं, 'वर्षानुवर्षे टिकणारी'. त्या वाडीतली वई पाच महिन्यांत सुकते, मोडते, जळते, आणि शेकडो वर्षं कुणाचं काही अडलं नव्हतं. मी पत्रा पुसला नाही. पोटही भरायचं असतं. पण आता गिऱ्हाईक आलं की मी आधी लांबी विचारत नाही. पाणी कुठल्या बाजूला आहे, ते विचारतो. लोक म्हणतात, तुम्ही विहिरी खणायला लागलात का? दोघं तर उठून दुसऱ्या दुकानात गेले. एक जण थांबला, शिराळ्याकडचा, त्याच्या शेतामागे हरणं येतात. त्याला मी एका बाजूला खाली मोकळी फट सोडून जाळी करून दिली. बाकीच्या गोष्टी मी त्याला नेहमीप्रमाणेच वाढवून सांगितल्या.

चैत्र संपता संपता मी सुनंदाताईला फोन केला.

"शेळ्या कशा आहेत?"

"बऱ्या हायत. एक करडू कुत्र्यांनी मारलं, आमचीच चूक, दार उघडं राहिलं."

"आणि बिबट्या?"

"पावलं दिसतात कोंडावर. शेडकडं अजून नाय आला. उद्या येईल का, ते मला नाय सांगता येत, भाऊ."

मी पुढचं विचारायला जरा घुटमळलो. "आणि ती?"

"थांबा हां," ती म्हणाली आणि दोन डोंगर ओलांडून जाईल अशा आवाजात ओरडली, "मामंजी! ती आली होती का ओ आज?"

लांबून, पण स्वच्छ ऐकू आलं.

"लंगडते. पन येते."